अभ्यासाचे आसन

गेल्या आषाढीच्या वाटेवर लोणंदच्या तळावर रात्री हरिपाठ झाला, मंडळी पाठ टेकण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात आमच्या दिंडीतला एक विशी-बाविशीचा मुलगा जवळ येऊन बसला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "महाराज, एक विचारू का? आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. एका खोलीत टीव्ही, दुसरीत स्वयंपाक. ज्ञानेश्वरी नेमानं अभ्यासावी असं मनात फार आहे, पण बसू कुठं?" आम्ही काही बोलणार तोच शेजारच्या एका वृद्ध माळकऱ्याने उत्तर देऊन टाकले, "अरे, ज्याला करायचंय तो कुठंही करतो! जनाबाईला कुठं होती खोली?" सगळे हसले. आम्हीही मान डोलावली. मुलगा खाली बघून उठून गेला.

वारी झाली, काला झाला, आम्ही गावी परतलो. पण त्या मुलाची खाली गेलेली मान काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. वृद्धाचे बोलणे खोटे नव्हते. मग आम्हांस ते का बोचावे? त्याचाच विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. अभ्यासाला जागा लागते की नाही? आणि लागत असेल, तर ती कोणाची?

प्रथम जागा हवी म्हणणाऱ्यांचा पक्ष पाहू. त्यांच्या पाठीशी मोठे आधार आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी शुद्ध जागा सांगितली, आसन फार उंच नको, फार खाली नको म्हणून सांगितले, त्यावर काय अंथरावे तेही सांगितले. श्वेताश्वतर उपनिषदात तर घर बांधणाऱ्याने पाहावे तशी बारकाईने जागा पाहिली आहे. ती सपाट असावी, खडे, विस्तव व वाळू नसावी, मनाला रुचावी, डोळ्यांना पीडा देऊ नये आणि वाऱ्यापासून आडोसा असावा. माउलींनी या जागेचे वर्णन केले ते इतके गोड, की वाचणाऱ्याला उठून तिकडेच जावेसे वाटते. सहज वाटेने जाणाऱ्या नास्तिकालाही तिथे तपाला बसावेसे वाटेल आणि विलासी राजाला राज्य नको होईल, अशी ती जागा. पाणी जवळ, ऊन कोवळे, वारा मंद, पाखरांची गर्दी नाही. कोकिळा कधीमधी बोलावी, आणि मोर अधूनमधून आले तर माउलींची ना नाही! शेवटी तिथे एखादा मठ वा शिवालय असावे, म्हणजे झाले.

आता दुसरा पक्ष. जनाबाईंचा अभ्यास जात्यावर झाला. गोपाळपूरला जाणारे वारकरी ते जाते पाहतात आणि हात लावून डोळ्यांना लावतात. सावता महाराज अरणच्या मळ्यात, गोरोबाकाका तेरला चाकावर, आणि चोखोबांना तर देवळाच्या आत पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. यांतल्या कोणाला मृगाजिन मिळाले, कोणाला शिवालय मिळाले? तरी ते पोहोचले. मग जागेचे कौतुक कशाला?

सज्जनहो, हा वाद आजचा नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात यावर एक स्वतंत्र अधिकरणच आहे. ध्यानाला दिशा, स्थळ, काळ यांचा नियम आहे काय? सूत्रकारांचा निर्णय असा की जिथे चित्त एकाग्र होईल ती जागा, याहून वेगळा विशेष नाही. मग उपनिषदात खडे नकोत, वाळू नको असे सांगितले त्याचे काय? श्रीशंकराचार्य म्हणतात की तसे सांगितले आहे हे खरेच. पण त्या तपशिलांचा आग्रह नाही, हे आचार्य मित्र होऊन सांगत आहेत. 'मित्र होऊन' हे त्यांचे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. जागेचा नियम दंडक म्हणून सांगितला असता तर गरिबाला अभ्यासच बंद झाला असता. पण त्याच सूत्रांत थोडे आधी असेही सांगितले आहे की उपासना बसून करावी. कारण चालताना चित्त विखुरते आणि निजला की झोप येते. म्हणजे शास्त्र देहाचा धर्म विसरलेले नाही. तात्पर्य, जागा हे साधन आहे, साध्य नव्हे. पण साधन आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. रोपाला कुंपण लागते, वडाला लागत नाही. म्हणून वडाचे उदाहरण देऊन रोपाचे कुंपण उपटू नये. जनाबाई वड आहेत. त्या मुलाला आम्ही वडाच्या मापाने मोजले, ही आमची पहिली चूक.

आता चित्त कशाने विखुरते ते पाहू. आमची पाठशाळा एका देवळाच्या ओवरीत भरे. एक रूपावली घोकीत आहे, दुसरा अमरकोश, तिसरा रघुवंशाची संथा घेत आहे, बाहेर नदीवर धुणी आपटताहेत, असा नुसता कल्लोळ असे. तरी कोणाचे अडत नसे. पण पलीकडच्या ओवरीत दोन माणसे हळू आवाजात घरचे भांडण सांगू लागली, की आम्हां सर्वांची घोकणी एकदम चुकायची! आवाज थोडा, पण त्यात अर्थ होता आणि तो अर्थ आम्हांला हाक मारीत होता. त्या दिवसापासून आम्हांस कळले की गोंगाट अभ्यास मोडत नाही, हाक मोडते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तो आवाज कितीसा करतो? पण तो नाव घेऊन हाक मारतो. निर्जन डोंगरावर बसलात आणि तो जवळ ठेवलात, तर तुम्ही बाजारात बसला आहात असे समजा.

अभ्यास या शब्दातच वारंवार टाकणे आहे. 'अस्' म्हणजे फेकणे हा त्यातला धातू. मन जाणार, ते उचलून पुन्हा त्याच ठिकाणी टाकायचे. आता टाकायचे तर ठिकाण ठरलेले हवे आणि टाकणाऱ्याचे पायही स्थिर हवेत. नाथमहाराजांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक राहिली, ती शोधण्यात त्यांची सारी रात्र गेली आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. त्याच हातांनी पुढे शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी झाली. पैच्या शोधात स्थिर झालेले मनच पुढे ओवीच्या शोधाला उपयोगी पडले.

इथवर आम्ही शास्त्र सांगितले. आता जे सांगायचे ते सांगायला जड जाते, परंतु सांगितल्याविना हा लेख खोटा ठरेल.

तुकोबारायांच्या भंडारा डोंगरावरील एकांताचे आख्यान आम्ही पुष्कळ वर्षे लावले. त्यात जिजाईंचा प्रसंग येतोच. परंपरा सांगते की माध्यान्हीला त्या भाकरी घेऊन डोंगर चढत, एकदा पायात काटा मोडला आणि प्रत्यक्ष पांडुरंगाने येऊन तो काढला. या प्रसंगात जिजाईंना थोडे कजाग रंगवले, नवऱ्याला आणि देवाला बोल लावायला लावले, की श्रोते पोट धरून हसतात. आम्हीही हसवीत असू. एकदा असे कीर्तन करून घरी आलो. पानावर बसलो असता आमच्या कुटुंबाने वाढता वाढता विचारले, "देवानं काटा काढला. मग पुढं भाकरी कुणी नेली वर?"

आम्ही म्हटले, "कुणी म्हणजे? त्यांनीच."

"हं," एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

घास हातातच राहिला. आमच्या घरी माडीवर एक खोली आहे. पूर्वेला खिडकी, भिंतीत पोथ्यांचे फडताळ. आम्ही चिंतनाला बसलो की खाली भांडे वाजायचे नाही, मूल रडायचे नाही, कोणी मोठ्याने हाक मारायची नाही, असा आमचा दंडक होता. त्या शांततेची किंमत कोण देत होते हे आम्ही कधी विचारले नव्हते. १९९९ साली आमची लेक बारावीला होती. तिने दिवाळीनंतर एकदा विचारले होते, "आण्णा, परीक्षेपर्यंत संध्याकाळी मी माडीवर बसू का?" माघातल्या सप्ताहाची तयारी चालली होती. आम्ही म्हटले, "सप्ताह होऊ दे, मग बघू." सप्ताह झाला, मग दुसरे निमंत्रण आले. ती स्वयंपाकघरात चुलीशेजारी, मंडळी जेवून उठल्यावर, सामायिक दिव्याखाली वाचीत राहिली. पास झाली. पण डी.एड.ला जाऊन शिक्षिका व्हावे ही तिची इच्छा थोड्या गुणांनी हुकली. आज ती सासरी सुखाने नांदते, याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तिचे ते न बोलणेच आम्हांस जिजाईंच्या काट्यासारखे सलते. आम्ही माडीवर बसून सहाव्या अध्यायातल्या आसनाचे विवरण लिहीत होतो, आणि आमचे आसन लेकीच्या पाठीवर मांडलेले होते!

म्हणून आम्ही म्हणतो की जागेचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, तो धर्माचा आहे. जुन्या स्मृतींनी अनध्यायाचे नियम किती बारीक केले! मेघ गर्जला, धुळीचे वादळ उठले, कुत्री-गाढवे ओरडू लागली, गावात प्रेत असले, तर पाठ बंद. अभ्यासाच्या जागेची इतकी काळजी. पण अभ्यासाला बसावे कोणी, याचे दार त्याच ग्रंथांनी स्त्रीशूद्रांना लावून घेतले. आपल्या संतांनी ते दार उघडले. माउलींनी शके १२१२, इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली, म्हणजे जागाच मोठी केली. बहिणाबाईंनी पतीचा मार सोसूनही तुकोबांचा अनुग्रह सोडला नाही. हा वारसा सांगणाऱ्याने आपल्या घरात एक कोपरा अडवून बसावे, हे शोभत नाही. तुकोबाराय डोंगरावर गेले हे आपण सांगतो; पण ते खाली उतरले आणि वर मिळाले ते देहूच्या देवळात कीर्तनाला उभे राहून सर्वांना वाटून टाकले, हे विसरतो. एकांत हे कर्ज आहे. ते फेडायचे असते.

तर मग त्या मुलाला काय सांगावे? असे सांगावे.

बाळ, खोली नाही तर कोपरा बघ, आणि कोपरा नाही तर वेळ बघ. सात माणसांच्या घरातही पहाटे चारला जागा रिकामी असते. वेळ ठरली की जागा आपोआप मोठी होते. एक घोंगडी वेगळी ठेव. तिच्यावर जेवू नको, निजू नको, गप्पा मारू नको. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत ती अंथरली की मन आपणहून गोळा होऊ लागेल. जागेलाही वळण लागते. पोथी मांडीवर नको, समोर पाटावर ठेव, म्हणजे मान मोडत नाही. उजव्या हाताने लिहितोस, तर उजेड डावीकडून घे, हाताची सावली अक्षरावर पडत नाही. तांब्या जवळ ठेव, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. उठताना उद्या कोणत्या ओवीपासून लागायचे ते वहीत टिपून मगच पोथी रुमालात बांध. उद्या बसल्याबरोबर हात कामाला लागेल. घरात अगदीच होत नसेल तर गावच्या देवळाची ओवरी आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथल्या विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून अभ्यास केला आहे. आणि पाठांतराला तर वाटही पुरते. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना सगळा हरिपाठ मुखोद्गत आहे, तो त्यांनी वारीतच मिळवला. अर्थ लावायला मात्र बसावे लागते, हेही खरे.

आणि शेवटची गोष्ट. जागा मिळाली की ती आपल्या हाताने झाड. तुझ्यासाठी टीव्हीचा आवाज कोणी कमी केला, चहा कोणी ठेवला, लहान भावाला बाहेर कोणी नेले, ते लक्षात ठेव. घरात आणखी कोणाला बसायचे आहे का हे विचार. कोणी मागणार नाही, म्हणून तूच विचार. एकच कोपरा असेल तर पाळी लाव, आणि पहिली पाळी आपली धरू नको.

गावच्या वडीलधाऱ्यांनाही विनंती आहे. देवळाच्या ओवऱ्या वर्षातून एका सप्ताहापुरत्या उघडतात आणि एरवी त्यांत मांडवाचे बांबू पडलेले असतात. पुण्यासारख्या शहरात मुले अभ्यासिकेतल्या एका खुर्चीसाठी दरमहा पैसे मोजतात. आपल्या ओवरीत एक चटई आणि एक दिवा ठेवायला कितीसा खर्च येतो? तिथे मुलगा बसला तर बसू द्या, मुलगी बसली तर तिच्याकडे टक लावून पाहू नका.

आमची माडी आता संध्याकाळी आमची नसते. नात तिथे गणिते सोडवते, आम्ही ओटीवर पोथी घेऊन बसतो. खाली भांडी वाजतात, कोणीतरी हाका मारते, चित्त जाते, उचलून परत टाकतो. या वयात हा अभ्यास थोडा उशिरा मिळाला. लेकीचे ते वर्ष यामुळे परत येत नाही, हे आम्ही जाणतो. येत्या वारीत तो मुलगा लोणंदच्या तळावर भेटला, तर त्याच्याशेजारी आम्ही आधी जाऊन बसू.

रामकृष्णहरी.