श्रेणी

धाकट्या भावानं पहिल्या सत्राचं मार्कशीट गादीखाली दडवलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. एका विषयात 'पी'. म्हणजे नुसता पास, दहापैकी चार. तेव्हापासून वर्गात प्रश्न विचारत नाही. गाईड घोकतो. म्हणतो, "दादा, आपली लायकी तेवढीच."

ही लायकी कुणी ठरवली?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या पद्धतीत 'ओ'ला दहा, 'एफ'ला शून्य. या अक्षराला मराठीत श्रेणी म्हणतात. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. शब्द एकच आहे आणि कामही तेच. वर बघून झुरायचं, खाली बघून खूश व्हायचं. शिकायचं कुणाच्याच ध्यानात नाही.

मी गिरणीत कापड विणतो. खोट निघाली तर तपासणारा बोट ठेवतो, इथं ताणा तुटला. शिवी देतो, पण जागा दाखवतो. दुसऱ्या दिवशी हात सुधारतो. भावाच्या पेपरात कुणी जागा दाखवली नाही. अक्षर मारलं, पोरगं बाजूला टाकलं.

मग मार्कच बंद करा म्हणू? थांबा भावांनो. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत आडनाव समोर बसतं. दिल्लीच्या एम्समध्ये परीक्षकांनी आडून-उघड जात विचारल्याचं दलित-आदिवासी मुलांनी थोरात समितीला सांगितलं; 2007 च्या अहवालात ते आहे. आकडा गेला की आडनाव बोलणार. म्हणून आकडा राहू द्या, पण दारावरच्या पहारेकऱ्याएवढाच. त्याला घराचा मालक करू नका.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले ते 750 पैकी 282 मार्कांनी. त्या आकड्यात कोलंबिया दिसत होतं का? 1927 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनीच बजावलं, परीक्षा वेगळी आणि शिक्षण वेगळं; दर्जाच्या नावाखाली परीक्षा इतकी कठीण केली की मागासवर्गाला विद्यापीठाचं दारच बंद होतं.

आणि आपण काय करतो? जयंतीला गुणवंतांचा सत्कार. 'पी'वाला पोरगा मागं खुर्च्या मांडतो. ही उतरंड आपल्याच मांडवात कुणी घातली?

काल पाळीवरून आलो. भावाला म्हटलं, ज्यात 'पी' मिळाला ते मला शिकव. मला त्यातलं काही येत नाही. तो आधी चाचरला, मग बोलत राहिला. मी विचारलं, तो अडला, त्यानं पुस्तक उघडलं. गाईड नव्हे, पुस्तक.

वस्तीतल्या पोराला किती मार्क पडले हे उद्या विचारू नका. काय शिकलास, ते विचारा. आणि ऐकायला बसा.