बाहुलीला चेहरा शेवटी

सुया अजून हातात घेऊ नका. लोकरीचा गुंडा मांडीवर असू द्या, पाठ भिंतीला टेकवा, पाय लांब करा. बघणाऱ्याला वाटतं, विणायला बसलेली बाई आधी टाके मोजते. बाहुली विणायची असेल तर मोजणी नंतरची. आधी एवढंच ठरवायचं, की ही कुणाकडे जाणार.

नुसतं नाव आठवून थांबू नका. ते मूल डोळ्यांसमोर आणा. दीड वर्षाचं असेल तर हाताला लागेल ते तोंडात जाणार. तीन वर्षांचं असेल तर बाहुलीला मानेला धरून घरभर फिरवणार. सहाचं असेल तर तिचा फ्रॉक निघतो का ते आधी बघणार. मूठ केवढी आहे? झोपताना कशाचं टोक धरायची सवय आहे? मूल दूरच्या गावी असेल तर ती मूठ तुम्हाला चटकन आठवणार नाही. मग तिथेच जरा थांबा. लोकर कुठे पळून जात नाही.

आता जागा. तुम्ही पुण्यात असा की नाशकात, थोडा वेळ अंजनवेलला या. गुहागर तालुक्यातलं हे गाव वाशिष्ठीच्या मुखाशी, दक्षिणेच्या काठावर आहे. पलीकडच्या काठावर दाभोळ. इकडे उंचावर गोपाळगड, टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. एन्रॉनचा वीज प्रकल्प याच बाजूला उभा राहिला, पण जगभर नाव झालं ते पलीकडच्या दाभोळचं. अंजनवेलकरांनी त्याचं काय वाटून घेतलं असेल ते असो. विणणाऱ्या बाईला मात्र हा प्रकार नवा नाही. तिच्या बाहुलीवर तिचं नाव कुठेच नसतं.

आषाढ सरत आला आहे. भाताची लावणी उरकली आहे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी अजून उठलेली नाही, होड्या काठावर ओढलेल्या आहेत. दुपारी पावसाची सर येते, जाते. गणपतीला मुंबईकर येतील, त्यांच्याबरोबर नाती येतील, आणि त्याआधी बाहुली पुरी व्हायला हवी. एवढीच काय ती घाई. ती मनात राहू द्या, हातात उतरू देऊ नका.

लोकर बोटांत घ्या. खरं तर ही मेंढीची लोकर नाही, अ‍ॅक्रिलिक आहे. आपल्याकडे दोन्हीला लोकरच म्हणतात. कोकणच्या हवेत हेच बरं. खरी लोकर पावसाळ्यात ओल धरते, वास मारते, आणि तिला कसर लागते ते वेगळंच. सुती दोरा बाळाला मऊ, पण तो श्रावणात दोन दोन दिवस वाळत नाही. कधी कधी वाटतं, स्वेटर घालायची वेळच न येणाऱ्या या किनाऱ्यावर विणकाम रुजलं तरी कशाला? पण दोन सुयांवरचं विणकाम केवळ थंडीचं लेकरू नाही. विणकामाचे जे फार जुने तुकडे सापडले आहेत, त्यांत इजिप्तमधले पायमोजे आहेत. ते सुती आहेत, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. वाळवंटात कुणीतरी बसून ते विणले. तेव्हा पडवीत घाम पुसत विणणाऱ्या बाईने स्वतःला उपरी समजायचं कारण नाही.

आता सुया घ्या. स्वेटरला नऊ-दहा नंबरची सुई चालते. बाहुलीला अकरा किंवा बारा घ्या. नंबर वाढला की सुई बारीक होते, वीण दाट बसते आणि आतलं भरण फटींतून डोकावत नाही. चाळीस टाके घाला. घालताना ओढू नका. पहिली ओळ घट्ट झाली की बाहुलीचे पाय आवळल्यासारखे दिसतात, मग पुढे कितीही सैल विणा. पहिल्या दहा सुया (म्हणजे ओळी) नुसत्या सुलट, म्हणजे बुटांना जाडी येते. मग रंग बदला आणि एक सुई सुलट, एक सुई उलट अशा वीस पायांच्या. त्यावर चोवीस फ्रॉकच्या. अठरा चेहऱ्याच्या. दहा टोपीच्या. मग सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून दोरा ओवून ओढून घ्यायचा. एक सपाट आयत झाला, बस. पाठीमागून शिवला, भरला, की वीतभर बाहुली.

हे आकडे लिहून घ्यायची गरज नाही. आत्ता फक्त एक सुई विणा. चाळीस टाके, सावकाश. उजवी सुई आत जाते, दोरा सुईभोवती फिरतो, फास बाहेर येतो, जुना टाका सुटतो. जुना टाका सुटतो तिथे लक्ष ठेवा. विणकामात प्रत्येक नवा फास जुन्याला सुईवरून मोकळा करतो आणि खाली पडू न देता धरूनही ठेवतो. विसाव्या टाक्याच्या सुमारास मन दुसरीकडे जाईल. गॅसवर काही आहे का, फोन कुणाचा येणार होता. जाऊ द्या. बोटांना पुढचा टाका माहीत असतो. परत आलात की मोजून बघा. चाळीस भरले तर पुढची सुई.

कधी एकोणचाळीस भरतील. सुटलेला टाका शोधा. तो दोन-चार ओळी खाली शिडीसारखा उसवत गेलेला असेल. इथे जरा थांबून खाली किनाऱ्याकडे बघण्यासारखं आहे. बंदीच्या दिवसांत जाळी दुरुस्त करायला काढलेली असतात. जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ असते, म्हणून एक घर तुटलं तर तेवढंच तुटतं, भोक पसरत नाही. विणकामात गाठ नाही. एक फास दुसऱ्यात अडकलेला आणि तो तिसऱ्यात, एवढ्यावर सगळं उभं. म्हणून ते ताणलं जातं, मुलाच्या मुठीत दबतं, पुन्हा फुगतं. आणि म्हणूनच एका टाक्यासाठी चार ओळी खाली उतरावं लागतं. क्रोशाची सुई घ्या, सुटलेला फास पकडा, वरची एक एक आडवी दोरी त्यातून ओढत वर आणा. उसवायचं काही नाही. हे शिकायला मला फार दिवस लागले नाहीत, कारण कुणीतरी शेजारी बसून दाखवलं. पुस्तकातून ते कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शेजारी बसून दाखवणाऱ्यांचा आता विचार करा. विणायला तीन-चार जणी एकत्र बसल्या की गप्पांच्या मध्येच, कुणी विचारलेलं नसताना, सल्ले येतात.

“अगो, डोळ्यांना मणी नको लावू. दोऱ्याने भर.”

“काकी, कापूस नका भरू हो. धुतला की गोळे होतात.”

“टाचण्या मोजून लाव नि मोजून काढ.”

ऐकताना ही वाक्यं हुकमासारखी वाटतात, आणि नवशिकीला राग येतो. पण एकेका वाक्यापाशी थोडं थांबून बघा. मणी नको असं म्हणणारीने कुठेतरी मणी उपटलेला पाहिलेला असतो. एखाद्या बाळाच्या तोंडातून बोट घालून तो काढताना तिच्या जिवाचं पाणी झालेलं असतं. टाचणी मोजणारीला एकदा एक कमी भरलेली असते आणि ती सापडेपर्यंत घरात कुणी बसलेलं नसतं. युक्ती सांगताना ती हे सांगत नाही. सांगायला वेळ नसतो, आणि त्या आठवणीत परत शिरायची इच्छाही नसते. ती तुम्हाला फक्त शेवटचं वाक्य देते. तुम्ही ते वापरता, आणि ज्या मुलाला तुम्ही कधी पाहिलं नाही त्याच्या वाटची काळजी तुमच्या बाहुलीत येऊन बसते.

डेन्मार्कमध्ये 2013 साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणून द्यायला सुरुवात झाली. काचेच्या पेटीतलं बाळ नळ्या ओढायचं, त्याऐवजी ते ऑक्टोपसच्या सोंडा धरू लागलं, असं तिथल्या परिचारिकांना दिसलं. त्या ऑक्टोपसला नियम आहेत: दोरा निव्वळ सुती, साठ अंशाच्या पाण्यात धुता येईल असा, आणि सोंड ताणून बावीस सेंटिमीटरपेक्षा लांब नको. बावीस का, ते मनात आणून बघा. बाळाची मान केवढीशी असते. पडवीतल्या काकीचा “मणी नको” आणि हे बावीस सेंटिमीटर एकाच जातीचे आहेत.

भरणाकडे येऊ. कोकणात सावरीचा कापूस मिळतो. चैत्र-वैशाखात बोंडं उकलतात आणि पांढरी म्हातारी हवेत तरंगत अंगणात येते. उशीला तो उत्तम, हलका, गार. बाहुलीत भरायचा मोह होतो; गावचं झाड, गावचा कापूस, मुंबईच्या नातीला. पण तो धुण्यासारखा नाही आणि भरताना नाकातोंडात जातो. बाहुली धुतली जाणार हे धरूनच चला, वरण तिच्यावर सांडणारच. तेव्हा बाजारात मिळणारं फायबरच घ्या. चिमटीएवढं घेऊन, पिंजून, आधी पायांत, मग पोटात. एकदम मोठा गोळा कोंबू नका, गाठी हाताला लागतात. लोकरीचे उरलेले तुकडे आत टाकायची काटकसरही नको. फिकट चेहऱ्यातून काळा दोरा दिसतो आणि बाहुली मारामारी करून आल्यासारखी वाटते.

भरून झाल्यावर, आधी नाही, मानेच्या ओळीतून दोरा ओवा आणि हळू ओढा. हा क्षण बघा. आतापर्यंत हातात नळकांडं होतं, आता डोकं आणि धड वेगळं झालं. पायांच्या मधोमध आरपार टाके घाला, दोन पाय झाले. अजून डोळे नाहीत. अशी बिनचेहऱ्याची बाहुली एक रात्र तशीच ठेवावी. सावंतवाडीची लाकडी ठकी रंगाऱ्याच्या कुंचल्याने चेहरा घेते आणि तो कायमचा. चिंध्यांच्या बाहुलीला आजी काजळानेही डोळे काढायची. आपल्याला थांबायची मुभा आहे. तिच्याकडे बघा आणि विचारा, हसरी करायची का? मला स्वतःला फार हसऱ्या बाहुल्या आवडत नाहीत. मूल रडत असेल तेव्हा शेजारी कुणी सतत हसत बसलेलं कशाला? तोंडाचा एक छोटा आडवा टाका पुरतो. डोळे वाटतात त्यापेक्षा खाली घ्या, चेहऱ्याच्या निम्म्यावर. लहान मुलांचे तिथेच असतात. आधी रंगीत डोक्याच्या दोन टाचण्या लावून लांबून बघा. मग काळ्या दोऱ्याने भरा. आणि टाचण्या मोजा.

आता बाहुली तुमच्या हातून जाईल. या जाण्यापाशी थोडं बसूया.

मार्क इसफेल्ड नावाचा कॅनडाचा एक सैनिक होता, शांतिसेनेत सुरुंग काढायचं काम करणारा. त्याची आई कॅरोल त्याला छोट्या लोकरी बाहुल्या विणून पाठवायची. त्या खिशात ठेवून तो युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावांतल्या मुलांना द्यायचा. जून 1994 मध्ये क्रोएशियात सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. आईने विणणं थांबवलं नाही. त्याच्या सोबत्यांनी त्या बाहुल्या वाटायचं काम पुढे नेलं, त्यांना त्याच्या टोपणनावावरून इझी डॉल म्हणू लागले, आणि कॅनडाभरच्या बायका त्या विणू लागल्या. पुढे मदतीची औषधं परदेशी धाडताना खोक्यांतल्या मोकळ्या जागेत भरण म्हणून याच बाहुल्या घालू लागले. औषधाची बाटली फुटत नाही, आणि खोकं उघडलं की मुलांसाठी बाहुल्या निघतात.

त्या आईची मला कल्पना करवत नाही, आणि करायचा आव आणू नये. मला फक्त तिचे हात दिसतात, मुलगा गेल्यानंतरच्या पहिल्या बाहुलीचे टाके घालताना. कुणाची मूठ तिने डोळ्यांसमोर आणली असेल? अनोळखी मुलांची मापं ती कुठून घ्यायची?

तुम्हाला तर मूल माहीत आहे. डोंबिवलीत आहे, नाहीतर विरारला, किंवा अमेरिकेत कुठल्या थंड गावी. बाहुली त्याच्यापर्यंत पोचल्यावर तुमचा तिच्यावर काही हक्क राहत नाही. ती भिंतीवरच्या कपाटात शोभेला बसवली जाईल, किंवा आठ दिवसांत तिची मान लोंबकळेल. दुसरं झालं तर मापं बरोबर आली असं समजा. पाठवताना बरोबर त्याच लोकरीची छोटी लडी द्या, मान शिवायला उपयोगी पडते. ही युक्तीही माझी नाही.

मग एक दिवस फोन येईल. बाहुलीचं नाव काय ठेवलं म्हणून तुम्ही उत्सुकतेने विचाराल. मनात तुम्ही एखादं छानसं नाव धरलेलं असेल. पलीकडून उत्तर येईल की तिचं नाव बटाटा आहे, आणि बटाट्याला पाऊस लागतो म्हणून छत्री विणून पाठव. छत्री दोन सुयांवर सहज होत नाही. क्रोशाची सुई काढा आणि साखळीचे सहा टाके घालून गोल जोडा. काड्या कशा बसवायच्या ते उद्या काकीला विचारू.