धीराचं व्याज

धीर हा सद्गुण की लोभाचाच शहाणा भाऊ? हा प्रश्न आमच्या घोटीत गोव्याच्या बेबिंकेनं उभा केला. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळवलेली ही बाई भलतीच मानी. पिवळा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे ७ थर. हौशी मंडळी १६ पर्यंत जातात. आच वरून द्यायची आणि एक थर तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही! घरात ओव्हन नाही, म्हणून आमच्या हिनं झाकणावर निखारे रचले. पहिलाच प्रयोग. संध्याकाळभर ती शेगडीपाशी, आम्ही वासापाशी.

बँकेत ५ मिनिटांत काउंटर बडवणारा गृहस्थ मुदत ठेवीसाठी ५ वर्षं मुकाट थांबतो. त्याला आपण संयमी म्हणतो. मग आम्ही का नाही? इथला भातवाला शेतकरी मात्र पावसानं कसलीच पावती दिलेली नसताना थांबतो.

बेबिंका निवली. हिनं वड्या कापल्या, शेजारी वाटल्या, मुलांना दिल्या, आणि स्वतः ताटलीतला चुरा खाल्ला. तेव्हा हिशेब जुळला. ज्या धीराचं व्याज दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं तो सद्गुण. बाकी सगळी मुदत ठेव!