सुक्या काष्ठाला पुन्हा पाणी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षात सप्ताह बसला की घरोघरी गुरुचरित्राची पोथी निघते. 40व्या अध्यायात नरहरीची कथा येते. अंगावर कुष्ठ, लोकांनी दूर सारलेला, असा हा ब्राह्मण गाणगापुरी श्रीनृसिंह सरस्वती महाराजांच्या पायाशी आला. महाराजांनी त्याला काय दिलं? औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड. ते भीमा-अमरजेच्या संगमावर नेऊन रोवायचं आणि पाणी घालत राहायचं, अशी आज्ञा झाली. लोक हसले. सुक्या लाकडाला कुठं पालवी फुटते का? नरहरी मात्र पाणी घालत राहिला. शेवटी महाराज स्वतः तिथं आले, कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं, आणि लाकडाला अंकुर फुटले. नरहरीची कायाही शुद्ध झाली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पण ती मला कळली ती गेल्या वर्षी, पाय दुखावल्यावर.

मला मधुमेह होऊन 14 वर्षं झाली. सकाळचं फिरणं आणि देवळात 21 प्रदक्षिणा हा माझा नेम. त्याचा मला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू? वैशाखात एकदा दुपारच्या आरतीनंतर प्रदक्षिणा घालायला निघालो. फरशी तापलेली होती. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव कमी होते, तळवे बधिर होतात. मला चटका लागलाच नाही! संध्याकाळी पाय धुताना घरातूनच ओरड झाली, "अहो, हे पायाला काय झालंय?" तळव्याला मोठा फोड आला होता. त्याची जखम झाली, जखम चिघळली. पाय टेकवायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. अडीच महिने मी कॉटवर.

जखम भरली, डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला परवानगी दिली. ते "थोडं थोडं" मी सोयीनं विसरलो. गुरुपौर्णिमा होती. पोटात काही नाही, सकाळची गोळी मात्र घेतलेली, आणि मनात 21चा आकडा. सहाव्या प्रदक्षिणेला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली. औदुंबराच्या पाराला धरून बसलो. साखर एकदम उतरली होती. पुजारीबुवांनी ओळखलं, साखरेचं पाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, 21 कोणाला दाखवायच्या होत्या? महाराजांना, की आम्हाला?"

मला फार लागलं ते. त्यानंतर पंधरा दिवस मी घराबाहेर पडलो नाही. आता आपल्याच्यानं काही होत नाही, संपलं सगळं, असं वाटायचं. खरं सांगतो, पायाच्या जखमेपेक्षा हे पंधरा दिवस वाईट होते. शरीर एकदा पडलं होतं, ते उठत होतं. मन पडलं होतं, ते उठायला तयार नव्हतं.

अशात एका रात्री पोथी काढली आणि 40वा अध्याय उघडला. तिथं एक गोष्ट पहिल्यांदाच डोळ्यांत भरली. महाराजांनी नरहरीकडं झाड मागितलंच नव्हतं! पाणी घालणं एवढंच त्याच्याकडं दिलं होतं. पालवी केव्हा फुटायची, ते महाराजांनी स्वतःकडं ठेवलं होतं. मी मात्र पहिल्याच दिवशी डेरेदार औदुंबर मागत होतो. आजारातून उठलेलं हे शरीर म्हणजे सुकं काष्ठच. त्याला आज जेवढं झेपेल तेवढं पाणी घालायचं.

दुसऱ्या दिवशी पायात चपला घालून अंगणात पाच मिनिटं चाललो. लाज वाटली. शेजारचा पोरगा गेटातून बघत होता, तो मला त्या संगमावरच्या हसणाऱ्या लोकांसारखा वाटला. बिचारा काही बोललाही नव्हता! पुढं जेवणानंतर सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. ती अंगवळणी पडली की दोन मिनिटं जास्त. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं, असं चार-पाच वेळा. आपले स्नायू रक्तातली साखर वापरतात. बिछान्यावर पडून ते झिजतात आणि साखर चढते. म्हणून ही उठबस लहान दिसली तरी वाया जात नाही.

आपल्यात मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, सांधेदुखी घेऊन जगणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द सांगतो. पडून उठल्यावर आधी डॉक्टरांना विचारा, किती आणि केव्हापासून. चालताना तोंडानं नामस्मरण करा. नाम स्पष्ट उच्चारता येत नसेल, धाप लागत असेल, तर वेग जास्त झाला, कमी करा. छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही वाटलं तर तिथंच थांबा, अंगावर काढू नका, लगेच डॉक्टर गाठा. मधुमेह्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी व्यायामाला जाऊ नये. उपवास करायचा असेल तर औषधाचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारावं. रोज रात्री तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरशात. अनवाणी प्रदक्षिणा हवी असेल तर सकाळी, फरशी गार असताना, आणि तीही पायांची अवस्था डॉक्टरांना दाखवूनच. पायच साथ देत नसतील तर बसल्या जागी मानसप्रदक्षिणा घाला. आपल्याकडं मानसपूजेला कमी लेखलेलं नाही.

आश्विनात मला ताप आला, आठ दिवस पुन्हा सगळं बंद. या वेळी मात्र मी रागावलो नाही. ताप उतरल्यावर पुन्हा अंगणात, पुन्हा पाच मिनिटं. नेम म्हणजे कधीच खंड न पडणं, असं मी चाळीस वर्षं समजत होतो. आता वाटतं, खंड पडल्यावर लहान होऊन परत सुरुवात करणं, हाच माझ्यासारख्या आजारी माणसाचा नेम. न चुकणाऱ्याला कधीकधी अहंकार चिकटतो. परत येणाऱ्याला नम्र व्हावंच लागतं.

आणखी एक. नरहरीचं कुष्ठ गेलं, माझा मधुमेह गेलेला नाही. औषधं चालू आहेत, ती चालूच राहतील. म्हणून काय महाराजांची कृपा झाली नाही? रोज सकाळी चपला शोधायची बुद्धी होते, ही कृपा मला पुरे आहे.

आपल्या अवधूतांनी 24 गुरू केले, त्यांत एक चंद्र. भागवताच्या 11व्या स्कंधात ते सांगतात की कला वाढतात आणि घटतात, चंद्र आहे तसाच असतो. तसं वाढणं-झिजणं देहाचं, आत्म्याचं नाही. दत्तजयंती मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. त्या संध्याकाळी पाळणा हलवून बाहेर आलात की पूर्ण चंद्र दिसेल. तो पंधरा दिवसांपूर्वी दिसतही नव्हता. अमावास्येहून उडी मारून तो पौर्णिमेला आला नाही, एकेक कलेनं आला. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उतरेल, त्याचं त्याला दुःख नाही.

मी सध्या पाच प्रदक्षिणा घालतो. परवा पुजारीबुवांनी विचारलं, "मास्तर, आज किती?" म्हटलं, "झेपल्या तेवढ्या." ते हसले, आणि हातावर तीर्थ घातलं.

ज्यांचा नेम सुटला आहे, त्यांनी या जयंतीला एवढंच करावं. जुना आकडा महाराजांच्या पायाशी ठेवावा, आणि उद्या सकाळी आपल्या सुक्या काष्ठाला एक तांब्या पाणी घालावं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥