तुटून वाढणारं हिरवं

उन्हाळा टिपेला पोचला की कल्याणजवळ मोहने, कांबा, रायते या पट्ट्यात उल्हास नदी जलपर्णीखाली दिसेनाशी होते. मग यंत्रं उतरतात, काठावर हिरवे ढीग लागतात. उपसताना रोपांना जोडणारे आडवे धुमारे तुटतात आणि सुटं झालेलं प्रत्येक रोप वेगळा संसार थाटतं. पोषक पाण्यात हा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. शेतकऱ्याला पेरणी आणि खुरपणी ही दोन वेगळी कामं वाटतात. पाण्यावरच्या हिरव्याला तो भेद मान्य नाही.

समुद्रात हे आणखी टोकाला जातं. ओहोटीला कोकणातल्या खडकांवर उघडं पडणारं पातळ पोपटी शेवाळ बहुधा ‘उल्वा’च्या कुळातलं असतं. त्याला फूल नाही, बीजासाठी राखलेला वेगळा अवयवही नाही. कालपर्यंत ऊन पिणारी साधी पेशी आतल्या आत विभागते, शेपट्यांचे पोहणारे कण पाण्यात सोडते आणि रिकामी होते. चार शेपट्यांचे बीजाणू थेट रुजतात. दोन शेपट्यांचे जोडीदार शोधतात, न मिळाल्यास एकटेही वाढू शकतात. (विवाहसंस्थेची इतकी शांत उपेक्षा दुसरीकडे क्वचितच दिसेल.) शेवाळाचे तुकडे झाले तर ही घाई वाढतेच. देह आणि बीज यांत अंतरच नसेल, तर ते मारायचं कुठे?

‘उल्वा प्रोलिफेरा’ ही नळीसारखी जात पोकळीत वायू धरून तरंगते. 2008 मध्ये ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींआधी तिनं चीनमधल्या छिंगदाओचा किनारा झाकून टाकला. दहा लाख टनांच्या आसपास शेवाळ उपसावं लागलं. तिचा उगम शेकडो किलोमीटर दक्षिणेला, खाद्यशेवाळाच्या शेतीत सापडला. हंगाम संपल्यावर तिथले दोर खरवडून साफ करत आणि निघालेलं हिरवं समुद्रातच टाकत. म्हणजे पेरणी साफसफाईनंच केली होती.

उल्हासला खाली भरतीचं खारं पाणी भेटतं, तिथे जलपर्णी मरते. तिला पोसणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र मरत नाहीत. ते आपल्याच मोऱ्यांतून, संडासांतून येतात. ठाणे खाडीलाही तिच्या काठच्या शहरांकडून हेच मिळतं. त्यावर सूक्ष्म शैवाल वाढतं, ते फ्लेमिंगो खातात आणि त्यातल्या रंगद्रव्यांनी गुलाबी होतात. 2015 मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा आला. मोहन्याला ज्या मळावर चिडायचं, त्याच जातीच्या मळावर पोसलेलं वैभव बघायला ऐरोलीहून बोटीनं जायचं, असा आपला व्यवहार आहे.

तेव्हा नदीत उतरणाऱ्या यंत्रांपेक्षा सांडपाणी प्रक्रिया केंद्रं चोवीस तास चालतात की नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती नीट चालली तर खाडीतल्या फ्लेमिंगोंचं ताटही कदाचित हलकं होईल. ती किंमत मी तरी मोजेन.