शैवाकाचे एकत्व आणि अवयवीचा प्रश्न

भूमध्य समुद्रातील माल्टा आणि गोझो ही चुनखडकाची बेटे असून तेथील दगडी बांधांवर, झाडांच्या सालीवर आणि समुद्राकाठच्या खडकांवर जे पिवळे-केशरी गोलसर चट्टे दिसतात, त्यांपैकी बरेचसे झान्थोरिया पॅरिएटिना या शैवाकाचे असतात. शैवाक म्हणजे कवक, अर्थात बुरशी, आणि शैवल, अर्थात प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारी सूक्ष्म वनस्पती, यांच्या सहजीवनातून घडलेला देह. गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच होय. हा देह एक मानावा की दोन, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानातील अवयव, म्हणजे भाग, आणि अवयवी, म्हणजे भागांपासून बनलेली अखंड वस्तू, यांचा जुना वाद आहे.

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते तंतूंपासून निर्माण झालेले वस्त्र हे तंतूंहून भिन्न असे खरेखुरे द्रव्य असून ते समवायाने, म्हणजे तोडता न येणाऱ्या संबंधाने, तंतूंमध्ये राहते. याउलट ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टान्ताने पटवून देतो, की चाके, आस आणि जू यांच्यापलीकडे रथ नावाची निराळी वस्तू सापडत नाही. ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे.

शैवाकाच्या बाबतीत प्रथमदर्शनी नागसेनाचीच बाजू बळकट वाटते. 1867 साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर याने शैवाक हा एक जीव नसून कवक आणि शैवल यांची जोडी आहे असे मांडले, तेव्हा अनेक शैवाकतज्ज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला; पण पुढे त्याचेच म्हणणे मान्य झाले आणि आज शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव नियमानुसार त्यातील कवकालाच लागू होते. 2016 मध्ये तर काही शैवाकांच्या बाह्य थरात यीस्टच्या रूपातील आणखी एक कवक आढळले.

तथापि झान्थोरियाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट होते. वर कवकाचा घट्ट थर आणि त्यात प्रखर उन्हाला अडवणारे पॅरिएटिन हे केशरी रंगद्रव्य, त्याखाली ट्रेबूक्सिया या शैवलाच्या हिरव्या गोल पेशी आणि त्याखाली सैल तंतूंची जाळी, अशी ही रचना आहे; कवक एकटे वाढवले तर त्याचा आकारहीन गोळा होतो आणि शैवल एकटे वाढवले तर नुसत्या पेशी वाढतात. उघड्या खडकावर उन्हाळाभर वाळून राहणारा आणि पावसाबरोबर पुन्हा सजीव व्यवहार सुरू करणारा हा पानासारखा देह दोघांच्या संबंधातूनच उभा राहतो, आणि घटकांपाशी स्वतंत्रपणे नसलेले कार्य जो करतो, त्याला केवळ नाव म्हणणे पुरेसे ठरत नाही.

नाव वस्तूला घडवत नाही, याची साक्ष गोझोच्या किनाऱ्यालगतचा ‘फंगस रॉक’ हा खडक देतो. त्यावरील सायनोमोरियम ही औषधी म्हणून प्रसिद्ध असलेली वनस्पती कवक समजली जाई आणि तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी त्या खडकावर पहारा बसवला होता; प्रत्यक्षात ती दुसऱ्या वनस्पतींच्या मुळांवर जगणारी सपुष्प वनस्पती आहे, आणि शतकानुशतके चिकटलेल्या नावाने तिचे स्वरूप तसूभरही बदलले नाही.

मात्र शैवाकाचे एकत्व उपजत नाही. झान्थोरियाच्या वाटीसारख्या फळांतून जे बीजाणू बाहेर पडतात ते केवळ कवकाचे असतात, त्यांच्यासोबत शैवल नसते. वाऱ्याने नव्या दगडावर पोचलेल्या बीजाणूला योग्य शैवल तेथेच मिळवावे लागते आणि ते न मिळाल्यास शैवाक घडत नाही. म्हणून अवयवी सत्य आहे हे नैयायिकांचे म्हणणे आणि तो कारणसामग्रीवर अवलंबून आहे हे बौद्धांचे म्हणणे, ही दोन्ही येथे एकत्र स्वीकारावी लागतात: शैवाकाचे एकत्व खरे आहे, आणि प्रत्येक पिढीला ते नव्याने जुळवावे लागते.