नाकारलेला पैसा

गोल्फ मला कळत नाही, पैसा कळतो. दुकानदाराच्या घरात वाढले ना! जून २०२२ मध्ये लंडनजवळ लिव्ह गोल्फ सुरू झालं, सौदी सरकारी निधीच्या पैशावर. ४८ जणांत शेवटच्यालाही १,२०,००० डॉलर. तिकडे गेलेल्यांना पीजीए टूरनं निलंबित केलं. टूरच्या प्रमुखांनी ९/११ च्या मृतांच्या कुटुंबांची आठवण करून दिली. ते ऐकून काहीजण थांबले. आणि ६ जून २०२३ ला त्याच प्रमुखांनी त्याच निधीशी समझोता जाहीर केला! बहुतेक खेळाडूंना आधी पत्ताही नव्हता.

मग नाही म्हणणारे मूर्ख ठरले? मला नाही वाटत. नकार त्यांचा स्वतःचा होता, तो टूरला विकता येणार नव्हता. गेलेल्यांवरही माझा फारसा राग नाही. दुसऱ्याला त्याग करायला लावून आपण मागच्या दारानं सौदा करणाऱ्यावर आहे.